‘थोडक्यात वाचलं’ची नोंद मोबाईलवर : कुपवाडच्या प्रेस शॉपमध्ये कसं बसवावं?

कुपवाड_शॉपफ्लोअर
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका शीटमेटल युनिटसाठी विचारतोय. १४० माणसं, त्यातली ६० ठेकेदाराची. ११ पॉवर प्रेस, दोन शिअरिंग, वेल्डिंग, एक पेंट शॉप, एक फोर्कलिफ्ट. अपघात नोंदवही आहे, पण तिच्यात टाके पडले तरच ओळ चढते. हात अडकता अडकता राहिला, स्लिंग सटकली पण खाली कुणी नव्हतं, फोर्कलिफ्ट वळणावर आडवी आली, हे ‘थोडक्यात वाचलं’चे प्रसंग चहाच्या टपरीवर कळतात, कागदावर येत नाहीत. मालकांना ते मोबाईलवर आणायचेत. कुणीतरी माणशी महिना वर्गणीचं अॅप दाखवून गेलंय. तीन प्रश्न : १) अॅप विकत घ्यावं की फुकटातलं चालेल? २) शॉपमध्ये मोबाईलबंदी आहे, तिचं काय करायचं? ३) महिनाभर उत्साह आणि मग थंड, हे कसं टाळायचं?

औंधकर
तिसऱ्याचं उत्तर आधी ठरवा, मगच पहिल्याकडे या. आलेली नोंद रोज सकाळी किती वाजता, कोण उघडणार? त्या माणसाला किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती न विचारता करायचा अधिकार आहे? ही दोन उत्तरं नसतील तर लाखाचं अॅपही सहा आठवड्यांत मरतं.

आता फॉर्म. पाचच प्रश्न ठेवा. जागा (ती भिंतीवर लावलेल्या क्यूआर कोडमधूनच आपोआप भरून यावी), काय घडलं, फोटो, काय होऊ शकलं असतं, आणि नाव. नाव ऐच्छिक. चौथा प्रश्न सोडू नका. त्याला चार पर्याय द्या : खरचटणं, हाड मोडणं, बोट-हात जाणं, जीव जाणं. प्रत्यक्षात काय झालं यापेक्षा काय होऊ शकलं असतं यावर क्रम लावायचा. नाहीतर ‘बोटाला कापलं’ वर राहतं आणि ‘अर्धा टन डाय (प्रेसचा साचा) सटकली, कुणाला लागलं नाही’ तळाला जातं.

‘मूळ कारण काय’, ‘विभागप्रमुखाचा अभिप्राय’, ‘घटनेचा वर्ग’ असले प्रश्न कामगाराच्या फॉर्ममध्ये घालू नका. ते शोधणं तुमचं काम आहे.

फुकटचं_सॉफ्टवेअर
पहिल्या प्रश्नाबद्दल. सगळे आधी गुगल फॉर्मकडे धावतात. त्यात एक खोच आहे : फोटो चढवायचा प्रश्न ठेवला की भरणाऱ्याला गुगल खात्यानं लॉगिन करावंच लागतं. म्हणजे निनावीपणाबद्दल मनात शंका, आणि ज्याच्या फोनवर खातं अर्धवट चालू आहे तो तिथंच थांबतो. शिवाय फोटो फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये साठतात. फुकटातली १५ जीबी जागा जीमेलसकट सगळ्यांत वाटलेली असते.

कोबोटूलबॉक्स बघा, फॉर्म बनवून फोनवर भरून घ्यायचं साधन. एकाच खात्यातून दोन वाटा मिळतात. पहिली, वेब फॉर्म : क्यूआर मारला की ब्राउझरमध्ये उघडतो, अॅप टाकावं लागत नाही. सेटिंगमध्ये ‘वापरकर्ता नाव-पासवर्डशिवाय नोंद स्वीकारा’ हे चालू करावं लागतं. ते विसरलं की कामगारासमोर लॉगिनचा पडदा येतो आणि पहिल्या दिवशीच बोभाटा. दुसरी वाट, कोबोकलेक्ट हे अँड्रॉइड अॅप : नेटवर्क नसलं तरी फॉर्म भरून ठेवता येतो, रेंज आली की जातो. ‘थोडक्यात वाचलं’साठी पहिली वाट घ्या, रोजच्या मशीन तपासणीसाठी दुसरी, तीही कंपनीच्या फोनवरच.

कलेक्टमध्ये फोटोच्या प्रश्नाला ‘न्यू’ अपिअरन्स (प्रश्न कसा उघडावा याचं सेटिंग) लावा. मग गॅलरीतला जुना फोटो टाकता येत नाही, जागेवर कॅमेराच उघडतो. जोडीला ‘मॅक्स-पिक्सेल्स’ १०२४ ठेवा. फोटो लहान होतो, २जी-३जीवरही जातो, आणि फुकट योजनेतली मर्यादित जागा भरत नाही. ‘स्टार्ट’ आणि ‘एंड’ या वेळेच्या दोन नोंदी फॉर्ममध्ये घालून ठेवा, पुढे लागतील.

मिरज_मेंटेनन्स
एवढं कशाला? व्हॉट्सअॅप ग्रुप करा. सगळ्यांना येतं, शिकवावं लागत नाही.

औंधकर
ग्रुपवर पहिल्या आठवड्यात नोंदी येतात, तिसऱ्यात सुप्रभात. एखाद्यानं गार्ड नसलेल्या मशीनचा फोटो टाकला की खाली सुपरवायझरचं ‘तिथं कोण होतं?’ येतं. १४० जणांसमोर. त्यानंतर फोटो येत नाहीत. आणि कुठली नोंद मिटली, कुठली राहिली, हे ग्रुपमध्ये वर-खाली सरकवून सापडत नाही.

तांत्रिक बाजू वेगळी : व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि फोटोतली वेळ-जागेची मूळ माहिती काढून टाकतं. पुढं चौकशीत तो फोटो कधीचा हे सांगता येत नाही. ग्रुप ठेवायचाच असेल तर उलट दिशेनं ठेवा, म्हणजे कंपनीकडून कामगारांकडे. ‘प्रेस ७ चं पेडल झाकण बसवलं, आधीचा-नंतरचा फोटो.’ फक्त अॅडमिन लिहू शकतील असं सेटिंग करा.

मिरज_मेंटेनन्स
पटलं. ‘तिथं कोण होतं’ हे वाक्य तर कानात वाजलं.

तासवडे_मॅडम
मोबाईलबंदीबद्दल. बंदी उठवू नका, जागा ठरवा. प्रत्येक विभागात पिवळ्या रंगानं एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखा. फोर्कलिफ्टच्या वाटेबाहेर, क्रेनच्या फेऱ्याबाहेर, पाठ भिंतीला लागेल असा. समोर भिंतीवर क्यूआर. फोन हातात घ्यायचा तो चौकोनात उभं राहून. चालता चालता, शिडीवर, प्रेसवर, फोर्कलिफ्टवर बसून कधीच नाही. यात मॅनेजरही आले. मॅनेजर शॉपमधून फोनवर बोलत चालले की त्या दिवसापासून चौकोन म्हणजे नुसता रंग.

पेंट शॉप वेगळं. थिनरचा साठा, स्प्रे बूथ, पेंट मिसळायची खोली इथं साधा फोन न्यायचाच नाही. ज्वलनशील वाफेच्या जागेत चालणारे प्रमाणित फोन वेगळे मिळतात, महाग असतात, आणि तुमच्या युनिटला त्यांची गरज नाही. क्यूआर दाराच्या बाहेर लावा, फोनसाठी खणाचं कपाटही बाहेरच. ‘आत जाऊन पटकन फोटो काढतो’ हे तिथं चालत नाही. आतलं दिसलं ते बाहेर येऊन बोलून नोंदवायचं.

क्यूआरचे स्टिकर : फोन जितक्या अंतरावरून धरणार त्याच्या एक दशांश रुंदी हा ढोबळ हिशेब. अर्ध्या मीटरवरून वाचायचा तर ५ सेंमी, ६ करा. भोवती पांढरी मोकळी कड ठेवा. डिझायनर हटकून तिच्यावर लोगो आणतो आणि मग कोड वाचला जात नाही. त्रुटीदुरुस्तीची पातळी ‘क्यू’ किंवा ‘एच’ घ्या. ‘एच’मध्ये साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचतो. पण लिंक लांब असेल तर ठिपके बारीक होतात, म्हणून आधी लिंक छोटी करा. साधं लॅमिनेशन तेलानं आणि थिनरच्या हातानं दोन महिन्यांत सुटतं. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या मागच्या बाजूनं छापून घ्या, पुसलं तरी शाई जात नाही. खाली मोठ्या अक्षरात ‘प्रेस ०७’ असं लिहा. कॅमेरा फुटलेल्या फोनवाल्याला तेवढं पुरतं.

आणि फुकटच्या संकेतस्थळावर ‘डायनॅमिक’ क्यूआर (त्यांच्या संकेतस्थळावरून वळून तुमच्या फॉर्मवर येणारा) बनवू नका. त्यांची चाचणी मुदत संपली की भिंतीवरचे सगळे स्टिकर एकाच दिवशी बंद.

कुपवाड_शॉपफ्लोअर
मॅडम, चौकोनाची कल्पना लगेच करण्यासारखी आहे. प्रेसच्या रोजच्या तपासणीला फोन कसा वापरावा? आत्ता ‘गार्ड ठीक, बटण ठीक, लाइट ठीक’ असा टिक करायचा कागद आहे. ३० दिवस ३० टिक.

डाय_सेटर_पलूस
टिक हाच रोग आहे. त्याच टिका फोनवर नेल्या तर त्या आणखी लवकर मारल्या जातात. ‘स्टार्ट-एंड’ वेळ बघा, ११ प्रेसची तपासणी तीन मिनिटांत झालेली दिसेल. हो/नाही विचारू नका. आकडा, कृती किंवा फोटो मागा.

त्याआधी एक विचारतो : तुमच्या ११ प्रेसपैकी की-क्लच (चावीनं अडकणारा) किती आणि न्यूमॅटिक क्लच (हवेच्या दाबावर चालणारा) किती? यावर सगळं ठरतं. की-क्लचची प्रेस एकदा सुटली की फेरा पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही. तिला लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा) लावणं म्हणजे फसवणूक. किरण तुटला तरी रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, खाली येणारच. तिला डायभोवती बंद गार्ड हवा, किंवा बंद झाल्याशिवाय क्लच सुटणार नाही असं इंटरलॉक फाटक. दोन हातांची बटणं लावली तरी स्ट्रोक सुरू झाल्यावर हात काढून आत घालायला वेळ उरतो, आणि मदतनीसाचे हात तर मोकळेच असतात.

न्यूमॅटिक क्लच-ब्रेक असेल तर शिफ्ट सुरू होताना हे तपासा, फॉर्ममध्येही याच क्रमानं टाका :
– एक बटण दाबून धरा, दोन-तीन सेकंदांनी दुसरं दाबा. प्रेस चालता कामा नये. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच चालली पाहिजे. दुसरं उशिरा दाबूनही चाललीच, तर बटणांचं सर्किट बिघडलंय किंवा वायर जोडून त्याला बगल दिलीय.
– रॅम वरून खाली येताना एक बटण सोडा. तिथंच थांबला पाहिजे.
– लाइट कर्टनसोबत आलेली चाचणी कांडी (बोटासाठीच्या कर्टनला सहसा १४ मिमी, हातासाठीच्याला ३० मिमी) किरणांच्या पडद्यातून वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी सावकाश फिरवा. दिवा पूर्ण वेळ लाल राहिला पाहिजे. मध्येच हिरवा झाला तर प्रेस बंद.
– पडद्याच्या बाजूनं, वरून किंवा मागून हात आत जातो का? याचा फोटो डाय बदलल्यावर दर वेळी. डाय बदलली की अंतर बदलतं.
– हवेचा दाब किती? आकडा लिहा.

यातलं एकही चुकलं तर फॉर्ममध्येच ‘प्रेस बंद केली, किल्ली काढली’ हा प्रश्न आणि कुलूप लावल्याचा फोटो यावा. फॉर्म सुपरवायझरकडे जाईपर्यंत प्रेस चालू, असं नको.

जत_हायवे
+१. आणि दाबाचा आकडा रोज हुबेहूब ५.५ येत असेल तर गेज तरी बिघडलाय किंवा माणूस.

फुकटचं_सॉफ्टवेअर
महिन्यातून एकदा कुणीतरी शिफ्टआधी मुद्दाम एक चूक ठेवा, धोक्याची नाही. अग्निशामकाची पिन टॅग तोडून ठेवा, किंवा प्रेसवरचा क्रमांक झाका. तपासणीत ती सापडली का बघा. सापडली नाही तर माणसाला दोष देऊ नका, फॉर्म वाचा. बहुतेक वेळा फॉर्म लांब झालेला असतो.

कुपवाड_शॉपफ्लोअर
डाय सेटर दादा, ११ पैकी ७ की-क्लच. त्यातल्या दोनांवर लाइट कर्टन आहे.

डाय_सेटर_पलूस
मग मोबाईलआधी ते दोन. कर्टनच्या भरवशावर चालवणारा माणूस हात जास्त बिनधास्त आत घालतो. आज ना उद्या न्यूमॅटिक क्लचवर न्यायच्या असतील तर ठीक, तोपर्यंत बंद गार्ड आणि पार्ट काढायला चिमटा किंवा मॅग्नेट. हात डायमध्ये जायची गरजच राहू नये.

गव्हाण_ते_गोदाम
धागा प्रेसचा आहे, पण साखर कारखान्याकडून थोडी भर. गळीत हंगामात आमच्याकडं रात्रीचं यार्ड म्हणजे जत्रा. डबल ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ट्रॉलीखाली झोपलेली माणसं. मोबाईल नोंदीत तिथून सगळ्यात जास्त उपयोगी ठरतो तो फोटो नव्हे, आवाज. ऊस वाहतुकीच्या माणसाला टाइप करायला लावू नका. फॉर्ममध्ये आवाज नोंदवायचा प्रश्न ठेवा, ३० सेकंद. बोललेलं आपोआप लिहिणारी सोय मिल हाऊसच्या आवाजात भलतंच लिहिते, तिच्यावर विसंबू नका. सकाळी कुणीतरी ऐकून लिहावं. बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुसा क्यूआरवर बसतो, स्टिकर उभ्या पृष्ठभागावरच लावा, आडव्यावर नाही.

दुसरं, टाकीत उतरायचा परवाना. मळीची टाकी, ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रियेचा) खड्डा, ज्यूसचा टँक. परवाना मोबाईलवर आणणारे वाढलेत. चांगलं आहे, पण फोन गॅस मोजत नाही. तसा दावा करणारं अॅप दिसलं तर काढून टाका. चार गॅसचं मीटर लागतं : ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भाग) आत, कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमच्या आत, ज्वलनशील वायू एलईएलच्या (पेट घेऊ शकणारं किमान प्रमाण) १० टक्क्यांच्या आत. टाकीत वर, मध्ये आणि तळाशी, आत नळी उतरवून मोजायचं. फॉर्ममध्ये मीटरच्या पडद्याचे तीन फोटो ‘न्यू’ कॅमेऱ्यानं मागा, आणि त्या सकाळी मीटरची बम्प टेस्ट (चाचणीचा गॅस सोडून मीटर इशारा देतं का बघणं) केल्याचा चौथा. सडक्या अंड्याचा वास आला नाही म्हणून आत जाऊ नका. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं.

तोंडाशी उभ्या पहाऱ्याच्या हातात साधा बटणाचा फोन द्या. स्मार्टफोन दिला की नजर पडद्यावर जाते. त्याचं काम एकच : आतल्यावर नजर आणि हाक. आतला पडला तर मागं उतरायचं नाही, फोन लावायचा. एकामागं एक जीव जातात ते इथं.

बेदाणा_कोल्ड
सांगली-तासगाव पट्ट्यात अमोनियावर चालणारी शीतगृहं आहेत, त्यांच्यासाठी एवढंच : गळती कळवायला ग्रुपवर मेसेज हा इशारा नव्हे. म्यूट केलेला ग्रुप, बंद डेटा, चेंबरच्या जाड भिंतीत रेंज नाही. बॅटरीवर चालणारा भोंगा आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी हेच पहिलं. मेसेज दुसरा, आणि तोही जमायची जागा सांगणारा. अमोनियाचा आत्यंतिक धोक्याचा आकडा ३०० पीपीएम. अमोनिया हवेपेक्षा हलका असला तरी थंड गळतीचं धुकं जमिनीलगत सरकतं. त्यामुळं वाऱ्याच्या आडव्या दिशेनं बाहेर. फोटोसाठी कुणी थांबू नये.

फोनचा एक उपयोग मात्र सगळ्यांनी करून घ्या. लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि घरचा नंबर भरून ठेवा. नव्या अँड्रॉइडमध्ये पॉवर बटण पाच वेळा दाबलं की आपत्कालीन कॉल सुरू होतो, तो चालू आहे का तपासा. आणि प्रत्येक क्यूआरखाली ११२, १०८ आणि गेटचा नंबर छापाच, शिवाय रस्त्याची खूण : प्लॉट नंबर, जवळचा चौक, कुठल्या गेटनं आत. घाबरलेल्या माणसाला तेच आठवत नाही.

तासवडे_मॅडम
कुपवाडकर, ठेकेदाराच्या ६० माणसांबद्दल विचारलं नाहीत, पण तिथंच नोंद अडते. नोंदवलं तर उद्या गेटवरून परत, ही भीती खरी असते. अॅपनं ती जात नाही. ठेकेदाराच्या करारात लिहून घ्या की नोंद केल्यामुळं माणूस बदलायचा नाही, आणि बदलला तर कारण तुमच्याकडे लेखी यावं. फॉर्म मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तीन भाषांत ठेवा. कोबोच्या फॉर्मला प्रत्येक भाषेचा वेगळा स्तंभ जोडता येतो आणि फोनवर वरच्या बाजूनं भाषा बदलता येते. बिहार-ओडिशाची माणसं असतील तर हिंदी आवाज पुरतो.

निनावीपणाचं खोटं आश्वासन देऊ नका. १४० माणसांत फोटोतली जागा, वेळ आणि शिफ्ट बघून कोण ते कळतंच. ‘नाव कळलं तरी कारवाई होणार नाही, आणि मुद्दाम गार्ड काढून नाचणाऱ्याला मात्र होईल’ असं स्पष्ट सांगितलेलं बरं. फोटोचा नियम : जागेचा काढा, माणसाचा नको. चेहरा आलाच तर कार्यालयात पुसून मगच फलकावर. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी साधी रीत म्हणून.

मिरज_मेंटेनन्स
आणि बक्षिसं? ‘महिन्याला माणशी दोन नोंदी’ असं लक्ष्य ठेवलं तर?

औंधकर
‘फरशी ओली होती.’ ‘झाडू आडवा पडला होता.’ २८ तारखेनंतर अशा नोंदींचा पूर येतो. उलट बाजूनं, ‘१०० दिवस बिनअपघाती’ फलकावर बोनस लावला की पट्टी बांधून कामावर हजर राहणारे वाढतात. संख्येवर बक्षीस नकोच. ज्या नोंदीवरून प्रत्यक्ष काही बदललं, त्या नोंदीला फलकावर जागा, आणि ज्यानं कळवलं त्याची हरकत नसेल तर नाव. पुरतं.

फलक टाइम ऑफिसबाहेर, कागदाचा. मोबाईलवरची नोंद मोबाईलमध्येच राहिली तर कुणाला दिसत नाही. रकाने चार : काय, कुणाकडे, कधीपर्यंत, झालं का. पोच २४ तासांत. बोट-हात-जीव या पर्यायाची नोंद असेल तर त्याच शिफ्टमध्ये माणूस जागेवर. काही करणार नसाल तर तेही कारणासह लिहा : ‘छताचं पत्रं पावसाळ्याआधी नाही, तोपर्यंत ती जागा दोरीनं बंद.’ ‘नाही’ ऐकून माणूस पुढची नोंद करतो. काहीच ऐकू आलं नाही तर करत नाही.

एक सूचना राहिली. ही नोंद म्हणजे कायद्याची अपघात सूचना नव्हे. मृत्यू किंवा ४८ तास वा जास्त काम करता येणार नाही अशी दुखापत झाली तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला ठरल्या नमुन्यात सूचना, आणि ईएसआयसीचा (कामगार राज्य विम्याचा) अपघात अहवाल, हे वेगळं करावंच लागतं. फॉर्म भरला म्हणून ते झालं असं समजू नका.

कुपवाड_शॉपफ्लोअर
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं : वर्गणीचं अॅप सध्या नको. की-क्लचवरचे दोन कर्टन काढून बंद गार्ड, तोपर्यंत त्या प्रेस बंद. पिवळे चौकोन चार, पेंट शॉपचा क्यूआर बाहेर. नोंदी रोज सकाळी सव्वाआठला टूलरूम इन्चार्ज उघडतील, त्यांना पाच हजारांपर्यंत खर्चाचा अधिकार मागितलाय. शेवटची शंका : कंपनीचे तपासणीचे दोन फोन शॉपमध्ये ठेवायचे तर काय काळजी?

फुकटचं_सॉफ्टवेअर
जाड रबरी कव्हर आणि मनगटाला दोरी. गळ्यात दोरी नको, फिरत्या शाफ्टजवळ तीच अडकते. चार्जिंग इन्चार्जच्या टेबलावर, वेल्डिंगच्या बोर्डवरून नाही. स्क्रीन पिनिंग चालू करून फक्त कलेक्ट उघडं ठेवा, नाहीतर रात्रपाळीला त्यावर क्रिकेट चालतं. पाठवणं ‘आपोआप, वाय-फायवर’ ठेवा आणि आठवड्यातून एकदा न गेलेल्या फॉर्मची यादी बघा. वाय-फायचा पासवर्ड बदलला की त्या यादीत पन्नास तपासण्या अडकून पडलेल्या सापडतात.

डाय_सेटर_पलूस
आणि दोन्ही फोनवर मशीनचे क्रमांक जुळवून घ्या. मेंटेनन्सची प्रेस ७ आणि प्रॉडक्शनची प्रेस ७ वेगळी निघते, बघा.